फायनल, फायनल टू आणि आठ जीबी

[दृश्य: सदाशिव पेठेतली अभ्यासिका, खिडकीशी ओळीने लॅपटॉप]

सदाशिव पेठेत अभ्यासिकांना तोटा नाही. बहुतेक टेबलांवर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दिसतील. या टेबलावर मात्र एका मुलीचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा जावा प्रोजेक्ट चाललाय. लॅपटॉप ८ जीबीचा, मोठ्या भावाने वापरून दिलेला. घरघर ऐकू येतेय ना, ती छताच्या पंख्याची नाही, याचीच आहे.

[दृश्य: स्क्रीनची खालची पट्टी, मग टास्क मॅनेजर]

व्हीएस कोड, म्हणजे कोड लिहायचा एडिटर, कधीचा उघडलाय, पण खाली 'जावा' शब्दाशेजारचं चक्र थांबायला तयार नाही. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्यात वर एडिटरचं नावच नाही. तिथे बसलंय 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी', म्हणजे जावा चालवणारा प्रोग्रॅम. मेमरी खातंय ते हे.

[दृश्य: तपकीर गल्ली, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं काउंटर, उघडलेला लॅपटॉप]

"ताई, रॅम वाढवून घ्या, नाहीतर सरळ नवाच बघा."

सल्ला खोटा नाही. पण लॅपटॉपचे स्क्रू काढायच्या आधी प्रोजेक्टचा फोल्डर उघडून बघा, असं काउंटरपलीकडून कोणी म्हणत नाही. म्हणेल तरी कशाला?

[दृश्य: एडिटरमध्ये कोड, हळूहळू सरकणारा]

व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टचा, पण त्याला जावा स्वतःहून कळत नाही. रेड हॅट कंपनीचं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा भाग, टाकलं की याच लॅपटॉपवर पडद्यामागे वेगळा सर्व्हर सुरू होतो. मघाशी मेमरी खाताना दिसला तो हाच. त्याच्या पोटात इंजिन असतं एक्लिप्सचं, म्हणजे जावा लिहायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरचं. तेच एक्लिप्स, जे आयबीएमने २००१ साली सगळ्यांसाठी खुलं केलं आणि ज्यावर पुण्यातल्या कित्येकांनी आपला पहिला 'हॅलो वर्ल्ड' चालवला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. एडिटरने आणि भाषेच्या सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं, हे त्यात ठरलं. म्हणून तर हलका एडिटर आणि जुनं, मुरलेलं इंजिन एकत्र नांदतात. हा सर्व्हर मन लावून काम करतो. उघडलेल्या फोल्डरमध्ये जिथे जिथे पोम फाइल, म्हणजे जावा प्रोजेक्टची माहिती लिहिलेली फाइल, सापडेल, तिथे तो एक प्रोजेक्ट धरतो, त्याच्या लायब्ऱ्या जुळवतो, बिल्ड करायला, म्हणजे कोड चालवण्याजोगा करायला घेतो.

[दृश्य: फोल्डरची यादी, अगदी जवळून]

आता ही यादी बघा. 'ओल्ड' नावाचा फोल्डर. त्यात 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल सबमिशन' आणि 'सर अप्रूव्ह्ड'. प्रत्येकात तोच प्रोजेक्ट आणि प्रत्येकात पोम. नावाने क्लास शोधला की तोच क्लास पुन्हा पुन्हा समोर. एरर्सच्या खिडकीत लाल ओळींची रांग, त्याही बहुतेक मागच्या सेमिस्टरच्या!

[दृश्य: फोल्डर यादीतून दिसेनासा होतो, चक्र तसंच]

म्हणजे सर्व्हरला 'ओल्ड'पासून लांब ठेवायचं. पहिला उपाय सगळे हाच करतात. व्हीएस कोडच्या 'फाइल्स एक्सक्लूड' सेटिंगमध्ये नाव टाकायचं. फोल्डर डोळ्यांआड होतो, पण जावाचा सर्व्हर ती यादी बघून पोम शोधत नाही. दुसरा संशय नोड मॉड्यूल्सवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लायब्ऱ्यांच्या जाडजूड फोल्डरवर. तो बिचारा मुळातच वगळलेला असतो.

[दृश्य: सेटिंग्जची फाइल, बोटं कीबोर्डवर]

हवं ते सेटिंग आहे 'जावा डॉट इम्पोर्ट डॉट एक्सक्लूजन्स'. दोन तारे, तिरकी रेघ, ओल्ड, तिरकी रेघ, दोन तारे. म्हणजे ओल्ड कुठेही असो, त्याच्या आत जाऊ नकोस. इथे जरा थांबा, कारण आधीपासूनच्या ओळी तिने जागेवर ठेवल्यात. आपण लिहिलेली यादी मूळ यादीला जोडली जात नाही, तिच्या जागी बसते. त्या ओळी पुसल्या तर नोड मॉड्यूल्स पुन्हा आत.

आणि ही शेवटची पायरी, जी हमखास राहते. कंट्रोल, शिफ्ट, पी. 'क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस'. सर्व्हरने आधी गोळा केलेलं सगळं टाकून तो नव्याने मोजणी करतो.

[दृश्य: चक्र थांबतं, तिचा चेहरा]

[दृश्य: शेजारचं टेबल, केशरी फोल्डर]

शेजारी इंटेलिजे आहे, जावासाठीचा दुसरा एडिटर. तिथे फोल्डरवर राइट क्लिक, 'मार्क डिरेक्टरी ॲज', मग 'एक्सक्लूडेड'. फोल्डर केशरी होतो, काम झालं.

[दृश्य: पुन्हा पहिलं टेबल, गिटची खिडकी]

रॅमचा खर्च टळला. सेटिंग्जची फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये असल्यामुळे गिटमधून, म्हणजे ज्यातून ग्रुप कोड वाटून घेतो त्यातून, ती बाकीच्यांकडेही गेली. त्यातल्या एकाने उत्साहात 'कॉमन' मॉड्यूल, म्हणजे बाकी कोडला लागणारा भागही वगळला आणि तो भाग मागवणाऱ्या 'इम्पोर्ट'च्या ओळी लाल झाल्या. "ताई, आता हे काय?" त्याची ती ओळ काढून पुन्हा क्लीन चाललंय.