अर्ज कोणत्या महिन्यात करायचा?

मंडळी, खड्डा पडला की आपण फोटो काढतो, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आणि फारच राग आला तर नगरसेवकाला फोन लावतो. हे सगळं होतं जुलैत. पालिकेचं आर्थिक वर्ष संपतं मार्चअखेर. त्या रस्त्यासाठी पैसे ठेवायचे की नाही, हे जुलैच्या बरंच आधी ठरलेलं असतं. आपला राग खरा असतो, फक्त महिना चुकलेला असतो.

मी पुण्यापुरतंच बोलतो. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. स्थायी समिती म्हणजे सोळा नगरसेवक. त्यांनी फेरफार केले की ते सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेत जातं. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं 'स' यादीत येतात. हा शब्द पालिकेच्या जिन्यात सारखा कानावर पडतो, पण बाहेर कुणाला ठाऊक नसतो.

नागरिकांनाही एक दार आहे. 2006-07 पासून पुण्यात आपण स्वतः कामं सुचवू शकतो. काम छोटं हवं, पाच लाखांच्या आतलं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात मिळतात, ते बहुधा गणपतीच्या आगेमागे. म्हणजे अख्खं पुणे नेमकं दुसऱ्या कामात असतं तेव्हा!

आमच्या गल्लीचं सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही लिहिलं, 'पदपथ दुरुस्त करावा.' काहीच झालं नाही. कुठला पदपथ, कुठून कुठपर्यंत, काय पत्ता? दुसऱ्या वर्षी दोन निवृत्त गृहस्थ टेप घेऊन उतरले, मोजमाप लिहिलं, नकाशा जोडला. काम अंदाजपत्रकात आलं. आम्ही पेढे वाटले.

पेढे वाटायला नको होते. तरतूद म्हणजे काम नव्हे. त्यानंतर पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), निविदा, कार्यादेश (काम सुरू करायचा लेखी हुकूम) अशा पायऱ्या असतात. आमचं काम पहिल्याच पायरीवर अडलं आणि वर्ष संपता संपता पैसे 'वर्गीकरणा'त दुसरीकडे गेले. वर्गीकरण म्हणजे एका कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवणं. ते नियमात बसतं, ठराव करूनच होतं. पण आम्हाला कळलं ते फाइल पाहिल्यावर. तेव्हा सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात पालिकेत फाइल पाहता यायची. पुण्यात हे आधी सुरू झालं, मग 2018 मध्ये राज्य सरकारने जिल्हा कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तसं सांगितलं. माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबण्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं.

मार्च 2022 ते जानेवारी 2026 ची निवडणूक, या काळात पुण्यात नगरसेवकच नव्हते. आयुक्तच प्रशासक. म्हणजे आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासकांनी ते मंजूर करायचं, खुर्ची तीच! तेव्हा नगरसेवकांच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनाही त्यांची उणीव जाणवली. माझाही त्यात नंबर होता.

या शहरात खर्चावर भांडण्याची परंपरा जुनी आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचे ठरत होतं. ते पैसे शिक्षणावर खर्च करा, म्हणून एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. खर्चाचा तपशील वाचणारा सदस्य असा असतो.

मागून कुणीतरी विचारतंय, प्रभागात चार-चार नगरसेवक, धरायचं कुणाला? खरी अडचण आहे. चौघांचं काम ते कुणाचंच नाही, असं होतं. आम्ही एकच पत्र चौघांना देतो, वर बाकी तिघांची नावं लिहून. पाचवी प्रत क्षेत्रीय कार्यालयात. तिथल्या खिडकीवर आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का पुसट उठला, तर पुन्हा मारायला सांगा.