मॉरिशस: रावान आणि झाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

मॉरिशस म्हटलं की निळं पाणी आणि मधुचंद्राला गेलेली जोडपी डोळ्यांपुढे येतात. मला आज सांगायचंय ते त्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांबद्दल.

या बेटाला मूळ रहिवासी नव्हतेच. १६३८ साली डच वस्तीला आले, १७१५ मध्ये फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. मळ्यांवर राबायला आफ्रिका आणि मादागास्करहून माणसं गुलाम करून आणली गेली. सामान म्हणून त्यांच्याजवळ काही नव्हतं. तरी त्यांनी सेगा हा गाण्या-नाचाचा प्रकार घडवला! लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून केलेलं रावान, आत बिया घालून खुळखुळवायचं मारावान आणि धातूचा त्रिकोण, एवढीच वाद्यं. वाजवण्याआधी रावान जाळावर धरतात. कातडं तापून ताणलं गेलं की आवाज खुलतो. नाचणाऱ्यांची पावलं जमिनीला धरून सरकत राहतात, सगळी लय कमरेत आणि हातांत असते. हॉटेलात रंगीत घागऱ्यांचा सेगा दाखवतात, तोही जरूर बघा. पण संधी मिळाली तर जाळाभोवती जमलेल्या घरच्या मंडळींचा सेगा ऐका. गाणारा जे आयुष्य जगतो तेच तिथं गातो. २०१४ साली युनेस्कोने या पारंपरिक सेगाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

नैर्ऋत्येला ल मोर्नचा कडा आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम तिथं आसऱ्याला जात. फोटो काढाच, पण ही हकिगत ठाऊक असू द्या.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर हवेच होते, म्हणून १८३४ पासूनच करारावर हिंदुस्थानातून माणसं नेणं सुरू झालं होतं. भोजपुरी बोलणारे सर्वांत जास्त, शिवाय तमिळ, तेलुगू आणि आपले मराठी. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ही माणसं ज्या दगडी पायऱ्या चढून गेली, त्या आजही आहेत. तिथं थोडं थांबा. त्यांतली कितीतरी माणसं कोकणातून आली होती.

त्यांचे वंशज आजही झाकरी नाचतात. आपल्या कोकणातली जाखडीच ती! रत्नागिरीकडच्या माणसाला रिंगणातलं ते नाचणं बघताच ओळख पटेल. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. घरोघरी मूर्ती बसते आणि विसर्जनाला मंडळी समुद्रावर नाहीतर नदीवर जातात.

एक कळकळीची विनंती. या मंडळींना भेटाल तेव्हा त्यांचं मराठी तपासत बसू नका. रोजच्या व्यवहारात तिथं क्रेओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली चालते, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच असतात. इतक्या पिढ्यांनंतरही आरती आणि झाकरी टिकली आहे, ती त्यांच्या आजीआजोबांनी दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी गायली म्हणून. त्यांच्याकडून एखादं गाणं मागून घ्या, आपलं एक त्यांना द्या.

आणि बाजारात ढोल पुरी नक्की खा. डाळ भरलेली मऊ पोळी, सोबत रस्सा आणि झणझणीत चटणी. रस्त्याकडेच्या गाडीवर ती हिंदू, मुसलमान, चिनी, क्रेओल म्हणजे आफ्रिकी वंशाचे असे सगळे एकाच रांगेत उभे राहून घेतात. त्या रांगेत तुम्हीही उभे राहा.

नमस्कार.