घूं कुठून येते?

(दृश्य : टेबलावर लहान गिटार ॲम्प. मागची फळी काढलेली. आत तीन व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब, पेटलेले.)

गिटार अजून स्टँडवरच आहे, पण खोक्यातून आवाज सुरू झालाय. ऐका. खाली एक सलग घूं, तिच्यावर बारीकशी सुस्स, आणि मध्येच चट्… चटचट. तीन आवाज, तिघांची कारणं वेगळी.

हा ॲम्प फेंडर कंपनीच्या चॅम्प या मॉडेलच्या ‘फाइव्ह एफ वन’ या सर्किटच्या नकाशावरून जोडलाय. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात निघालेलं हे मॉडेल. जेमतेम ५ वॉट, आठ इंची स्पीकर, नॉब एकच. आत गिटारचा सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, स्पीकर हलवणारा ६व्ही६ आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३, एवढेच व्हॉल्व्ह. जगभरचे हौशी लोक आजही याचं किट जोडतात. आवाजाचा माग काढायला शिकायचं तर यापेक्षा सोयीचा ॲम्प सापडायचा नाही.

आवाज आला की बहुतेक जण आधी नवे व्हॉल्व्ह मागवतात. महागडे, जुन्या साठ्यातले. पैसे जातात, घूं तिथेच. व्हॉल्व्हची पाळी बऱ्याच नंतर येते. आधी नॉब.

(दृश्य : बोटं नॉबवर. नॉब सावकाश शून्यावर येतो.)

१२एएक्स७ च्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग असतात, आणि व्हॉल्यूमचा नॉब नकाशात नेमका त्या दोघांच्या मध्ये बसलाय. नॉबबरोबर जो आवाज कमी-जास्त होतो तो अलीकडचा, म्हणजे गिटार, केबल नाहीतर पहिला ट्रायोड. जो ढिम्म हलत नाही तो पलीकडचा, म्हणजे दुसरा ट्रायोड, ६व्ही६ किंवा पॉवर सप्लाय. एक स्क्रूही न काढता निम्मा ॲम्प संशयातून सुटला.

अलीकडचा असेल तर केबल ॲम्पमधून काढा. जॅकमधली पत्ती इनपुटला थेट अर्थला टेकवते. आवाज गेला तर ॲम्पला हात लावायचं कारणच नाही. मात्र केबल ॲम्पमध्ये तशीच ठेवून नुसती गिटार काढू नका. ती लोंबकळणारी केबल खोलीतला सगळा हम (हीच घूं) गोळा करते आणि तुम्हाला भलतीकडे नेते.

आता गिटार जोडा आणि खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरा. एका दिशेला तोंड केल्यावर घूं जवळजवळ नाहीशी होते? मग ती सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांखाली बसवलेल्या एकेरी वेटोळ्याची. खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा, विशेषतः गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक प्रकारचा. तो एसीची लाट मध्येच कापतो, आणि पिकअप ते ऐकतं. आपल्याकडे ‘ॲम्प बझ मारतोय’ या तक्रारीमागे पंखाच निघाला तर नवल वाटू देऊ नका.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं तिथेच थांबवा. बऱ्याच घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि त्यामागे अर्थिंगची वायरच नसते. हम घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. त्याने हम कधीकधी खरंच जातो, पण बिघाड झाला तर चासीवर (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यावर) आलेल्या करंटला जायला वाट उरते ती तुमच्या अंगातून.

(दृश्य : नॉब शून्यावर. घूं तशीच.)

आता पलीकडची घूं. इथे कान लागतो. आपल्याकडचा मेन्स, म्हणजे घरातली वीज, ५० हर्ट्‌झचा. रेक्टिफायरमधून गेल्यावर त्याची लहर दुप्पट होते, १०० हर्ट्‌झ. गिटारची सगळ्यांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा, तो सूर ९८ चा. गिटार ॲम्पला न जोडता स्पीकरजवळ धरून छेडा. घूं आणि तो सूर एकमेकांवर हेलकावे घेऊ लागले, सेकंदाला साधारण दोन, तर घूं १०० ची आणि रोख डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरकडे. घूं एक सप्तक खाली असेल तर ती ५० ची. मग बघायचं हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरींकडे किंवा ट्रान्सफॉर्मरकडे. अमेरिकेतल्या व्हिडिओंशी आपली घूं ताडून बघू नका. तिथे मेन्स ६० चा, त्यामुळे त्यांचा सूरच चढा.

मूळ नकाशात हीटरचं एक टोक सरळ चासीला जोडलेलं आहे. ते सोडवून दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टन्स अर्थला दिला की ५० ची घूं बरीच उतरते.

फिल्टर कंडेन्सरचं काम जपून. प्लग काढल्यावरही त्यांत ३०० व्होल्टच्या वर साठलेलं राहू शकतं. आधी मीटर लावून बघायचं, एक हात खिशात ठेवायचा, आणि सवय नसेल तर जाणत्याकडे द्यायचं. पहिला कंडेन्सर मूळचा १६ मायक्रोफॅराडचा. घूं मारायची म्हणून तिथे १०० चा बसवणारे भेटतात, आणि मग ५वाय३ लवकर गेला की व्हॉल्व्हला दोष देतात. २२ पुरे. वाढवायचंच तर पुढचे दोन वाढवा. आणि थोडीशी घूं उरली तर उरू दे. एकाच ६व्ही६ वर चालणाऱ्या ॲम्पमध्ये दोन व्हॉल्व्हच्या जोडीसारखी ती आपोआप कटत नाही.

(दृश्य : लाकडी काडी एका रेझिस्टन्सला हलकेच टेकते. चट्.)

आता ती चटचट. १२एएक्स७ च्या प्लेटला, म्हणजे वाढलेला सिग्नल बाहेर पडतो त्या टोकाला, दोन ट्रायोडचे मिळून १ लाख ओहमचे दोन रेझिस्टन्स असतात. जुन्या धाटणीचे कार्बनचे असले तर तापल्यावर तळणीसारखे तडतडतात. ॲम्प चालू असताना सुक्या लाकडी काडीनेच टोचायचं, दुसरा हात लांब. दोन्ही बदलून मेटल फिल्मचे टाका, खर्च चहापेक्षा कमी. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर क्लीनर मारा. दोन दिवसांत पुन्हा आली तर नॉबच्या अलीकडचा कपलिंग कंडेन्सर, ज्याने फक्त सिग्नल पुढे सोडून डीसी अडवायचं, तो डीसी गळू देतोय.

सुस्स? ती राहू दे. रेझिस्टन्स आहे तिथे ती थोडी असायचीच.

राहिला व्हॉल्व्ह. पेन्सिलच्या रबराने १२एएक्स७ वर हलकी टिचकी मारा. टण्ण आवाज स्पीकरमधून बराच वेळ घुमत राहिला तर तो मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे बारीक हादराही आवाजात उतरवतोय. या जागी निकामी. फेकू मात्र नका. मोठ्या ॲम्पमध्ये फेज इन्व्हर्टरच्या (शेवटच्या व्हॉल्व्हच्या जोडीला एकमेकांविरुद्ध सिग्नल देणाऱ्या टप्प्याच्या) जागी १२एएक्स७ असेल तर तिथे लावून बघा. त्याच्या पुढे आवाज फारसा वाढवला जात नाही, त्यामुळे तिथे तो बरीच वर्षं चालून जातो.