आयर्विनला किती?

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा जोरात असला की सांगलीत रस्त्यात भेटलेली दोन माणसं एकमेकांची खुशाली नंतर विचारतात. आधी विचारतात, "आयर्विनला किती?" "अडतीस. पण वाढतंय." एवढं ऐकलं की विचारणारा तिथूनच घरी वळतो. धान्याची पोती माळ्यावर चढवायची असतात.

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आपला दगडी पूल, आणि "किती" म्हणजे तिथे नदीचं पाणी किती फुटांवर आलं. सांगली संस्थानात चिंतामणराव पटवर्धनांची कारकीर्द असताना १९२९ साली तो खुला झाला आणि तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं. पुढच्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह पेटला, १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. शाळेच्या पुस्तकात साहेब त्या करारापुरते उरले. इथे मात्र दर पावसाळ्यात त्यांचं नाव घरोघरी निघतं, तेही फुटांत!

पूल नव्हता तेव्हा पलीकडे सांगलवाडीला जायचं तर नावेशिवाय गत नव्हती. नदी फुगली की नाव बंद, आणि दोन्ही काठांवरची माणसं जिथल्या तिथे.

कधी उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना खाली जाऊन कमानींकडे वर पाहा. कमान बांधताना आधी खालून लाकडी सांगाडा उभा करतात, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणतात आणि अगदी माथ्यावर शेवटचा दगड घट्ट बसवतात. मग सांगाडा काढून घेतात. गवंड्याचा जीव टांगणीला लागत असेल तो त्या वेळी. दगड ताण सोसत नाही, पण दाबाला खंबीर. वरून गाडी गेली की कमानीतले दगड एकमेकांना जास्तच आवळून धरतात.

पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना चाळिशीची वाट पाहून चालत नाही, पाणी त्याआधीच त्यांच्या दारात असतं. आता देशभर मीटर आले, मग इथे अजून फूट कसे, असं कुणी विचारतं. अहो, कोयना धरणातल्या साठ्याचे टीएमसी आणि तिथून सोडलेल्या पाण्याचे क्युसेक तरी कुठले? तेही घनफुटांचेच!

२००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. यापेक्षा काय वाढणार, असं म्हणत लोकांनी मनात तिथे रेघ मारून ठेवली. कितीतरी घरांत सामान त्याच हिशेबाने उचललं जायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फूट ओलांडून गेलं आणि माळ्यावर ठेवलेलंही भिजलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास. या तिन्ही पुरांत पूल जागचा हलला नाही.

आता जड वाहनांना त्याच्यावर मनाई आहे आणि शेजारी नवा समांतर पूल झाला आहे. रुंद आहे, सोयीचा आहे, तक्रार नाही. पण पुराच्या दिवसांत पहाटे रेडिओ लावून बसलेल्या माणसाला त्या नव्या पुलाचं काही ऐकायचं नसतं. तो आवाज वाढवतो तो "आयर्विन पुलाजवळ" हे दोन शब्द आले की.