पॅलेटवरचा एमबी
न्हावा शेवाला उतरलेल्या मालाखाली लाकडी पॅलेट असतं ना, त्याच्या बाजूला बघा. गव्हाच्या कणसासारखं चिन्ह, देशाचा कोड, आणि दोन अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 डिग्रीला 30 मिनिटं तापवलंय. एमबी म्हणजे मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलीय.

आता गंमत बघा, हा गॅस ओझोनचा थर खातो म्हणून 1992 साली मॉन्ट्रियल करारात घातला, श्रीमंत देशांनी 2005 पर्यंत आणि आपल्यासारख्यांनी 2015 पर्यंत बंद करायचं ठरलं. मग हा शिक्का अजून कसा?

कारण करारातच सूट आहे. खरं तर दोन. कॅलिफोर्नियाचे स्ट्रॉबेरीवाले म्हणाले लागवडीआधी जमिनीतली कीड मारायला हाच गॅस पाहिजे, मग अमेरिका दरवर्षी अर्ज करायची, तज्ज्ञ टनाटनाचा हिशोब मागायचे, आकडा छाटायचे, बरीच भांडणं झाली पण 2016 नंतर ते प्रकरण मिटलं.

दुसरी क्वारंटाइनची. मालाबरोबर परदेशी कीड येऊ नये म्हणून वापरलेला गॅस बंदीत धरतच नाहीत! वर मर्यादा नाही, परवानगी घ्यावी लागत नाही, फक्त किती वापरला ते कळवायचं. भीती खोटी नाहीये हां, 1996 मध्ये न्यूयॉर्कला लांब मिशांचा आशियाई भुंगा सापडला, तो पॅकिंगच्या लाकडातून आला असं मानतात, आणि पुढे हजारो झाडं तोडावी लागली.

काम साधं असतं. लाकडावर ताडपत्री, कडेने वाळूच्या पिशव्या, 21 डिग्रीच्या वर घनमीटरला 48 ग्रॅम गॅस, 24 तास. मग ताडपत्री काढायची आणि बहुतेक ठिकाणी गॅस सरळ हवेत. कार्बनच्या फिल्टरमध्ये पकडता येतो, पण पैसे कोण घालणार?

युरोपियन युनियनने मार्च 2010 पासून क्वारंटाइनसकट सगळं बंद केलं, तिथली पॅलेट भट्टीत तापवून चालतात. म्हणजे निदान पॅलेटला तरी हा गॅस लागतोच असं नाही, माझ्या मते इथे सूट ठेवायचं कारणच उरत नाही.

डाळी-कडधान्यांचं मात्र त्रांगडं होतं. कॅनडाचा वाटाणा तिथेच धुरी देऊन पाठवा असा आपला नियम होता, आणि कॅनडा म्हणायचा आमच्या थंडीत हा गॅस नीट कामच करत नाही, मग आपण वर्षानुवर्षं सवलत वाढवत गेलो आणि धुरी दिली ती माल इथल्या बंदरात उतरल्यावर.