अळीनं एक पान कुरतडलं, खबर अख्ख्या झाडाला

हे नीट बघा, कारण फार पटकन होतं. अंधारात एक चिमुकलं रोपटं आहे, अरॅबिडॉप्सिस, आपल्या मोहरीच्या कुळातलं, आणि एक हिरवी अळी त्याचं पान बुडापासून कुरतडतेय... तुटलं! आता त्या जखमेकडे बघा, तिथून उजेडाची लाट निघाली, शिराशिरांमधून पळत सुटली आणि मिनिट-दोन मिनिटांत जिकडे अळी फिरकलीसुद्धा नाही ती पानं पण चमकायला लागली.

हा उजेड झाडाचा स्वतःचा नाही बरं का. जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रोटीनपासून बनवलेला एक सेन्सर या झाडात घातलाय, पेशीत कॅल्शियम वाढलं की तो जास्त उजळतो. म्हणजे आपण बघतोय ते कॅल्शियम. २०१८ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ मासात्सुगु टोयोटा, सायमन गिलरॉय आणि त्यांच्या टीमनं हे दाखवलं, लाटेचा स्पीड सेकंदाला साधारण १ मिलिमीटर.

पण कॅल्शियमच का? आपल्याला ते दूध आणि हाडांमुळे माहीत, पेशीला मात्र ते आत नकोच असतं, आत साठलं तर फॉस्फेटला चिकटून त्याचा साका बसेल आणि फॉस्फेटशिवाय पेशीचं पान हलत नाही. म्हणून पेशीतले पंप ते सतत उपसून बाहेर टाकतात, नाहीतर आतल्याच एका मोठ्या टाकीत कोंडून ठेवतात, इतकं की बाहेरच्या मानानं आत जवळपास १०,००० पट कमी उरतं. आता गंमत अशी की भर बाजारात कुणी शिट्टी मारली तर कोण वळून बघतंय, पण रात्री दोनला वाजली तर अख्खी चाळ जागी होते ना, तसंच, आत इतकी शांतता असते म्हणून दार जरासं उघडलं तरी कळतं.

आणि दार उघडतं कोण, तर ग्लुटामेट! चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोतलं तेच. फाटलेल्या पेशीतून ते सांडतं, शेजारची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, मग लांबची पानं बचावाचं हार्मोन म्हणजे जॅस्मोनिक अ‍ॅसिड बनवून अळीला तोंड द्यायच्या तयारीला लागतात. ग्लुटामेट ओळखणारी दोन दारं काढून टाकली तर लाट बऱ्यापैकी अडते.

लाजाळूचं पण हेच. लाजबिज आपण चिकटवलेली. टोयोटांच्याच टीमनं २०२२ मध्ये लाजाळूत असाच सेन्सर घातला, तर पानाच्या बुडाशी असतो ना फुगीर सांधा, तिथे आधी उजेड येतो आणि ०.१ सेकंदानं पान मिटतं. मग त्यांनी न मिटणारी लाजाळू बनवली आणि नाकतोड्यांपुढे ठेवली. नाकतोड्यांनी ती जास्त खाल्ली.