चोवीस क्विंटल पाच किलो

(दृश्य: सकाळ. लासलगावच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. भुईकाट्यावर चढणारं चाक.)

निवेदन:
आधी भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो. माल उतरला की रिकामा पुन्हा चढतो. दोन वजनं, एक भाव आणि हातात येणारी एक चिठ्ठी. सहा महिन्यांच्या कष्टाचा हिशोब त्या चिठ्ठीवर असतो.

तीच काटापट्टी आज निफाड तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजच्या बाकावर आहे. वर्ग अकरावी कलाचा. यातल्या बहुतेकांनी दहावीनंतर गणिताची वही मिटून ठेवली होती. गणिताच्या मॅडम आठवड्यातून एक जादा तास घेतात. पुस्तक नाही. मुलांनी घरातला एक कागद आणायचा, एवढीच अट.

(दृश्य: फळ्यावर आकडे.)

भरलेला ट्रॅक्टर 5,825 किलो, रिकामा 3,420. माल 2,405 किलो. इथवर सगळ्यांना आलं. भाव मात्र क्विंटलला, 1,350 रुपये. म्हणजे चोवीस क्विंटल पाच किलोचे पैसे काढायचे. मागच्या बाकावरच्या मुलाने वहीत लिहिलं, 24.5.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 24.5 लिहिलं, शेजारी 24.05 लिहिलं, आणि दोन्हींना भावाने गुणायला लावलं. 33,075 रुपये. 32,467 रुपये 50 पैसे. फरक 607 रुपये 50 पैशांचा. पाच किलोचे पन्नास किलो झाले होते. काट्यावर हीच चूक उलटी झाली, तर पंचेचाळीस किलो कांदा शेतकऱ्याच्या पदरातून जातो. वर्ग एकदम शांत झाला. कांदा काढणीला मजूर लागले की संध्याकाळी मजुरी मोजून देणारी हीच मुलं आहेत. सहाशे रुपये म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही.

दशांश चिन्ह ही मुलं प्राथमिक शाळेतच शिकली. ते त्यांना येत नव्हतं असं मला वाटत नाही. ते कुठे वापरायचं, हे कुणी दाखवलं नव्हतं.

(दृश्य: द्राक्षबाग. घडांवर फवारणी.)

द्राक्षवाल्या घरच्या मुली जीएची, म्हणजे घडांवर फवारायच्या जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची, पुडी घेऊन आल्या. ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसू लागले की दुकानदार सांगतो, ‘दहा पीपीएमने मारा.’ पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. पाण्याच्या हिशोबात लिटरला एक मिलिग्रॅम. दोनशे लिटरच्या टाकीला दोन ग्रॅम. मग एकीने विचारलं, ‘मॅडम, पुडीवर तर नव्वद टक्के लिहिलंय.’ पुडीत औषध नव्वद टक्केच, म्हणून दोनला 0.9 ने भागलं. 2.22 ग्रॅम. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकाने विचारला नव्हता, तिनेच पुडी वाचून काढला.

(दृश्य: फळ्यावर एका दुचाकीचा नंबर.)

नाशिककरांनी आकड्यांना असं हातात घेऊन पाहावं, यात नवल नाही. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे शिक्षक 1962 पर्यंत शिकवत होते. त्यांनी शोधलेला खेळ असा: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. मॅडमनी एमएच पंधराच्या एका गाडीचा नंबर घेतला, 3524. 5432 वजा 2345, 3087. मग 8352. मग 6174. आणि नंतर कितीही वेळा केलं तरी 6174च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. त्या दिवशी मुलांनी सायकल स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांचे नंबर सोडवले.

(दृश्य: कर्जाचा कागद, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.)

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कर्जाच्या कागदावर. दुचाकीसाठी 80,000 रुपये, तीन वर्षं, दहा टक्के ‘फ्लॅट’. दर वर्षी आठ हजार, तीन वर्षांचे 24,000. हप्ता 2,889. ऐकायला सोपं. पण दर महिन्याला मुद्दल थोडं फिटत जातं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ऐंशी हजारांवर लागतं. तेच दहा टक्के उरलेल्या मुद्दलावर लावले, तर हप्ता साधारण 2,581 आणि एकूण व्याज तेरा हजारांच्या आत. फरक अकरा हजारांचा. या फ्लॅट दहा टक्क्यांचा खरा दर निघतो अठरा टक्क्यांच्या जवळ.

हा तक्ता मुलांनी छत्तीस ओळींचा, हाताने लिहिला. घाई केली नाही. बाराव्या ओळीशी एका मुलाने पेन खाली ठेवलं आणि मोबाईल काढला. वर्गात मोबाईल चालत नाही, पण मॅडम काही बोलल्या नाहीत.

(दृश्य: दाराशी उभा मुलगा. पाठमोरा.)

‘पप्पा, त्या शोरूमवाल्याला आज सही देऊ नका. मी घरी आल्यावर कागद बघतो.’